पलंगाचा बाक

...आणि हा ओघळ नजरेतून सुटलाच कसा. बाकाच्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, जिथं कुणाचं लक्ष जायचं काही कारण नाही अशा जागी, रंगाचा एक थेंब खाली घसरता घसरता थांबला होता आणि थांबल्या जागीच वाळला होता. तिनं अंगठ्याचं नख त्याच्याखाली घातलं, तर तो निघाला नाही, नुसता जरासा दबला, म्हणजे इतके महिने झाले तरी आत अजून मऊच होता. सुतारानं सांगितलं होतं तसं सगळं केलं होतं – आधी घासून जुनं पॉलिश काढलं, भोकांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, रंगाचा एक हात पुरता वाळल्याशिवाय दुसरा दिला नाही – आणि तरी हा एक राहिलाच. राहू दे, कोण बघतंय, असं ती स्वतःशी म्हणाली आणि नखानं तिथंच टोकरत राहिली.

टिल्लू दुपारी यायचा होता. टिल्लू म्हणजे तिचा एकुलता एक मुलगा; सहा फूट उंच झाला, दाढीत चार पांढरे केस आले, तरी घरात टिल्लूच. पाच-सहा महिन्यांपूर्वी तो दुसऱ्या गावी नोकरीला लागला, आणि त्यानंतर आज पहिल्यांदा घरी येत होता. फोनवर म्हणाला, "रविवारी येतो गं. जरा बोलायचंय." बस, एवढंच. सात-आठ वर्षं ज्या माणसाला घरात बसून काही म्हणजे काही बोलायचं नव्हतं त्याला आता बोलायचंय, ह्याचा तिनं एकच अर्थ लावला होता. नोकरी सोडली असणार. दुसरं काय असणार? सामान घेऊन येणार, दार लोटून घेणार आणि पुन्हा तेच... फक्त ह्या वेळी दार लोटून घेतलं तर आत पलंग नव्हता. त्याच्या पलंगाचा तिनं बाक करून टाकला होता, आणि हे त्याला सांगितलं नव्हतं. "माझी खोली कशी आहे?" असं तो दर फोनला विचारायचा आणि ती दर फोनला सांगायची, "आहे तशीच आहे."

बाक मात्र देखणा झाला होता. उशाकडच्या उंच फळीची पाठ झाली होती, पायाकडची फळी मधोमध कापून दोन हात झाले होते, आणि लांबच्या पट्ट्या आखूड करून त्यांच्यावर बैठक बसवली होती. वर गर्द हिरवा रंग. नवरा म्हणाला, बागेतल्या बाकांना देतात तो रंग आहे, आता इथं कुणी शेंगा खायला येऊन बसेल. पण म्हणता म्हणता तोच पहिल्यांदा बसला आणि पेपर संपेपर्यंत उठला नाही. समोर फोटो स्टुडिओतली खुर्ची. कुठलासा स्टुडिओ बंद पडला तेव्हा ती जुन्या बाजारात आली होती. तिच्या उजव्या हातावरचं पॉलिश साफ उडालेलं होतं, कारण फोटो काढून घेणारा प्रत्येकजण उजवाच हात तिथं टेकवून ऐटीत बसायचा. ती जागा तिनं मुद्दाम तशीच ठेवली होती, नुसतं तेल पुसून. एका उंच स्टुलाचे पाय कापून ठेंगणं टेबल केलं होतं. आणि उशा... उशांची तर वेगळीच गंमत होती. ती ज्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात आल्टरेशनचं काम करायची, तिथं पँटी आखूड करताना उरलेल्या पायांच्या पट्ट्या ती वर्षानुवर्षं पिशवीत भरून ठेवत आली होती. राखी, तपकिरी, निळ्या, बारीक रेघांच्या, कुणाकुणाच्या पायांच्या. त्या जोडून अभ्रे शिवले. अर्ध्या गावाचे पाय आपल्या उशांत आहेत, असं ती नवऱ्याला म्हणाली होती, आणि तो हसला होता. मोठ्यानं. त्या घरात मोठ्यानं हसलेलं तिला कितीतरी दिवसांनी ऐकू आलं होतं.

सुतारानं करवत हातात घेऊन विचारलं होतं, "ताई, एकदा करवत लागली की पुन्हा पलंग होत नाही. घरात विचारून घ्या."

"घरात मीच आहे," ती म्हणाली होती. "चालवा तुम्ही."

आणि करवत चालू झाल्यावर ती स्वयंपाकघरात गेली, कारण तिला वाटलं होतं आता आपल्याला भरून येईल आणि परक्या माणसासमोर तसलं काही नको. ज्या पलंगावर मुलगा लहानाचा मोठा झाला, तापानं फणफणला, तो पलंग कापला जातोय, म्हणजे आईला भरून यायलाच पाहिजे. तिनं चहाचं आधण ठेवलं. भरून येण्याची वाट बघत उभी राहिली. लाकडाच्या भुशाचा ताजा वास आत आला आणि तिच्या लक्षात आलं की आपण गुणगुणतोय... कुठलं गाणं तेही आठवत नाही, पण गुणगुणतोय. तिनं तोंडावर हात ठेवला. मग काढला. आत करवत थांबली होती, अर्धं काम झालं होतं, आणि तिला इतकं हायसं वाटत होतं की तिथल्या तिथं फरशीवर बसावं असं वाटलं.

कुठल्या आईला मुलगा गेल्यावर हायसं वाटतं?

हे ती कुणाला विचारणार? नवऱ्याला विचारावं, तर तोही त्याच माळेतला. टिल्लू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं दारावरची बेल उघडून तिच्यात कोंबलेली कागदाची घडी काढली होती. टिल्लूला दुपारी झोप लागते, मोठा आवाज सहन होत नाही, म्हणून ती घडी घातलेली, आणि मग सात-आठ वर्षं त्यांच्या घरची बेल घसा बसल्यासारखी वाजायची. वाजायची तरी कशाला म्हणा. येणारा प्रत्येकजण पाणी प्यायल्यावर दुसरा प्रश्न एकच विचारायचा – "मुलगा हल्ली काय करतो?" – आणि मग ती दोघं एकमेकांकडे बघायची. हळूहळू येणं-जाणं आटलं. तिनंच आटवलं, खरं तर. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत ती दोघं झोपायची, आतली त्याची, मग माणसाला बसवायचं कुठं, हे कारण फार सोयीचं होतं. टीव्ही लावायचा तो ओठ वाचता येतील इतक्या आवाजात. चालायचं ते चवड्यांवर. ताट दाराशी ठेवायचं आणि रिकामं झालं की उचलायचं, आणि ते अर्धं भरलेलं असलं की दिवसभर त्याच अर्ध्या ताटाचा विचार करायचा. डॉक्टर म्हणाले होते, टाकून बोलू नका, वेळ द्या. ती टाकून बोलली नाही. कधीच नाही. तो मागेल ते दिलं, मागणार नाही तेही दिलं, नाही हा शब्द त्या घरातून पार हद्दपार झाला होता. न जाणो, एखादा शब्द जास्त लागला तर, आणि दाराआड काय होईल ते होईल... ते वाक्य ती मनातसुद्धा पुरं करायची नाही. रात्री नवऱ्याशी कुजबुजतानाही नाही.

आणि मग एक दिवस तो दाढी करून बाहेर आला. झालं एवढंच. कुणी काही जादू केली नाही. एका मित्रानं गोदामात काम दिलं, आलेला माल मोजून घ्यायचं, आणि तो बॅग भरून गेला. सगळं इतकं सरळ झालं की तिला वाटलं, इतकं सरळ होतं तर मग आधी...? पण हा प्रश्नही तिनं गिळला.

दुकानात आज तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. रविवारी दुकान अर्धा दिवस उघडं असतं. तिची मशीन मागच्या बाजूला, इस्त्रीच्या टेबलाशेजारी, वाफेत. एक करडी पँट आखूड करायची होती. तिनं खूण केली, टाचण्या लावल्या, कात्री उचलली, आणि इस्त्रीवाला म्हणाला, "काकू, तो पाय तुम्ही मघाशी कापलात."

खरंच की. एकाच पायाला ती दुसऱ्यांदा कात्री लावत होती. आणखी दोन बोटं गेली असती तर गिऱ्हाइकाला हाफपँट नेऊन द्यावी लागली असती.

"लक्ष कुठंय आज?" इस्त्रीवाल्यानं विचारलं.

"मुलगा येतोय."

"मग तोंड असं का? आनंदाची गोष्ट आहे की."

"आहे ना," ती म्हणाली आणि दुसरा पाय पुढं ओढला. आनंदाचीच गोष्ट होती. त्याला बघायची ओढ नव्हती असं कसं म्हणता येईल? सकाळीच तिनं त्याच्या आवडीची भाजी निवडून ठेवली होती, टॉवेल धुऊन ठेवला होता. तो यावा असं वाटत होतं, आणि तो येऊन राहू नये असंही, आणि हे दोन्ही एकाच छातीत असं शेजारी शेजारी बसलं होतं की त्यांची ओळख करून द्यायचीही तिला चोरी. त्यानं बाक बघितला की त्याच्या चेहऱ्यावर काय येईल, हे ती पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर आणून बघत होती. तो काही बोलणार नाही. तो कधीच काही बोलत नाही. नुसता बघेल, आणि त्या बघण्यात असेल – मी जायचीच वाट बघत होतात ना तुम्ही? आणि आई म्हणून मी काय उत्तर देऊ, हो म्हणू की नाही म्हणू, आणि खोटं बोलले तर बाक समोर आहेच, त्याला तर चारी अंगांनी खरं बोलता येतं.

घरी आली तेव्हा नवरा बाकावरून उठून बाहेरच्या खोलीत येऊन बसलेला होता. म्हणजे त्यालाही धास्ती होतीच.

"अहो, तुम्ही सांगा त्याला," ती म्हणाली.

"मी काय सांगू? पलंग मी थोडाच कापलाय?"

"बसता तर तुम्हीच सगळ्यात जास्त."

"बसण्याचं वेगळं, कापण्याचं वेगळं," तो म्हणाला आणि पेपर तोंडासमोर धरला. पेपर सकाळचा होता आणि सकाळी वाचून झालेला होता. तिनं आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं. हे तरी आपण करायला नको होतं, तिला वाटलं. ह्या दाराचा आपल्याइतका वीट कुणाला आला असेल? पण तो आल्या आल्या तरी दिसायला नको, पाणी पिईल, दोन शब्द बोलेल, मग बघू.

बेल वाजली. चांगली खणखणीत. तिघांनाही दचकायला झालं, दाराबाहेरच्यालासुद्धा. दार उघडलं तर तो बेलच्या बटणाकडेच बघत उभा होता.

"दुरुस्त केलीत?" त्यानं विचारलं.

"हो, म्हणजे... झाली," नवरा म्हणाला.

त्याच्या हातात सामान नव्हतं. एक पाठीवरची पिशवी, तीही चपटी. तिची नजर आधी तिथंच गेली आणि मग त्याच्या चेहऱ्याकडे, आणि आधी चेहऱ्याकडे गेली नाही म्हणून तिला कसंतरीच झालं. उन्हानं रापला होता. मान जाड झाली होती. तो खाली बसला, तांब्याभर पाणी प्यायला आणि तांब्या खाली ठेवता ठेवताच बोलायला लागला. बहुतेक बसमध्ये घोकत आला असावा.

"मला कायम केलं तिथं. मागच्या आठवड्यात. आणि मी एक खोली घेतलीय, माझी माझी, मित्राकडं किती दिवस राहायचं. चांगली आहे खोली. उजेड आहे. पण रिकामी आहे गं अगदी, जमिनीवर झोपतोय. तर म्हटलं..." त्यानं तांब्या जरा बाजूला सरकवला. "म्हटलं, तुमची हरकत नसेल तर माझा पलंग घेऊन जातो. टेम्पोवाल्याशी बोलून ठेवलंय."

नवऱ्यानं पेपर उचलून पुन्हा तोंडासमोर धरला. तिनं मनातल्या मनात एकेक गोष्ट मोजून घेतली – नोकरी आहे, कायम आहे, खोली आहे, उजेड आहे – आणि पलंग तेवढा नाही. मुलानं जन्मात पहिल्यांदा संसाराला लागतं असं काहीतरी मागितलं होतं आणि आईनं ते करवतीनं कापून हिरव्या रंगात रंगवलं होतं.

"पलंग आहे," नवरा पेपराआडून म्हणाला. "म्हणजे आहे तसा. लाकूड सगळं आहे."

"म्हणजे?"

ती उठली आणि दार उघडून बाजूला झाली. बोलण्यापेक्षा ते सोपं होतं.

तो उंबऱ्यात उभा राहिला. खिडकीतून दुपारचं ऊन बाकावर आलं होतं, उशांवरच्या रेघा उजळल्या होत्या, आणि एरवी तिला ही वेळ सगळ्यात आवडायची, पण आत्ता ती त्याच्या पाठीकडे बघत होती, पाठीवरून काही कळतंय का ते. तो आत गेला. बाकाच्या पाठीवर त्यानं तळवा ठेवला, मग हातावर.

"ही उशाकडची."

"हो."

"आणि हे पायाकडचं."

"हो."

"कधी केलंत?"

आता. आता खोटं बोलता आलं असतं. परवाच, सुतार म्हणाला वाळवी लागलीय, काय करणार... जिभेच्या टोकाशी वाळवी आलीही होती. तिनं ती गिळली नाही, थुंकल्यासारखी बाजूला टाकली आणि म्हणाली, "तू गेल्यावर पंधरा दिवसांनी."

त्यानं मान हलवली, एकदा, दोनदा. मग बाकावर बसला, पाय लांब सोडले, एक उशी उचलून निरखली आणि पुन्हा ठेवली.

"पंधरा दिवस तरी थांबलात," तो म्हणाला.

आधी तिला कळलंच नाही. मग त्याच्या गालाचा कोपरा हलताना दिसला आणि तिला हसू फुटलं, नको त्या वेळी, नको तितकं, तोंडाला पदर लावूनही आवरेना. बाहेरच्या खोलीत पेपर खाली पडल्याचा आवाज झाला आणि नवराही हसायला लागला, आणि टिल्लू त्या दोघांकडे आळीपाळीनं बघत, हसत नव्हता तरी हसल्यासारखाच दिसत होता.

"मला वाटायचं," हसणं ओसरल्यावर तो म्हणाला, जमिनीकडे बघत, "तू दर आठवड्याला त्या पलंगावरची चादर बदलत असशील. फोनवर म्हणायचीस ना, आहे तशीच आहे. म्हणून यायला नको वाटायचं. वाटायचं, गेलो की ती चादर घातलेली दिसेल आणि..." त्यानं पुढचं सोडून दिलं. "बरं झालं कापलात ते."

बरं झालं. तिनं ते दोन शब्द ऐकले आणि तिला बरं वाटलं, फार बरं वाटलं, आणि त्याच्या खालोखाल काहीतरी टोचलं, जरासंच; म्हणजे तोसुद्धा सुटल्यासारखाच राहत होता तिकडं. म्हणजे दाराच्या आत तो आणि बाहेर आम्ही, आणि दोन्हीकडच्यांना एकमेकांपासून सुटायचं होतं, आणि दोन्हीकडचे एकमेकांना जपत बसले होते. आईला मुलाची सुटका टोचावी आणि स्वतःची गोड लागावी, हा काय न्याय? ती खुर्चीत बसली. उजवा हात आपसूक त्या उडालेल्या पॉलिशवर गेला.

"मग असं करतो," टिल्लू म्हणाला. तो बाकाच्या बैठकीला खालून हात लावून वजनाचा अंदाज घेत होता. "टेम्पो सांगितलाच आहे, तर हाच नेतो. झोपायला नाही तर नाही, बसायला तरी होईल."

"नाही," ती म्हणाली.

त्यानं वर बघितलं. नवराही दारात येऊन उभा राहिला होता, त्यानंही बघितलं. नाही. हे आपण बोललो, हे तिला त्यांच्या बघण्यावरून कळलं. जुन्या सवयीनं तिचं अंग ताठ झालं, कान पुढचं काय ऐकू येतंय ते ऐकायला टवकारले गेले, आणि जीभ लगेच सारवासारव करायला निघाली – अरे म्हणजे ने, तुझंच आहे की, आम्हाला काय करायचंय...

"हा माझा आहे," ती म्हणाली. "तू तुझा घे. जुन्या बाजारात पुष्कळ पलंग असतात."

"बरं," टिल्लू म्हणाला.

एवढंच म्हणाला. बरं. आणि मग वडिलांना विचारायला लागला, जुना बाजार हल्ली कुठल्या बाजूला भरतो, सकाळी लवकर जावं लागतं का. आणि नवरा त्याला सांगायला लागला, कसं जायचं, घासाघीस कशी करायची, लाकूड ठोकून कसं बघायचं, जणू सगळी खरेदी त्यानंच केली होती. दोघं बाकावर शेजारी शेजारी बसले होते. तिनं आणून ठेवलेली बिस्किटांची बशी त्यांच्या मध्ये होती आणि टिल्लू एकामागून एक बिस्किटं तोंडात टाकत होता, न बघता, भूक लागलेल्या माणसासारखी.

ती बघत होती. ह्याला नाही म्हटलं आणि ह्याला काही झालं नाही. हा बिस्किटं खातोय. ह्याला आता काही बोललं तरी हा खात राहील, मान वर करून बघेल आणि उत्तर देईल, कदाचित उलट उत्तर देईल... आणि मग तिच्या आत कुठून तरी खोलवरून एक वाक्य वर आलं, अख्खंच्या अख्खं, शब्द लावावे न लागता: सात-आठ वर्षं काय केलंस रे तू आमचं? ती चपापली. ते वाक्य आजचं नव्हतं, ते सगळी वर्षं तिथंच बसून होतं, गिळून गिळून खाली ढकललेलं. त्याच्यामागं आणखी होती. ताटांबद्दलची होती, न आलेल्या माणसांबद्दलची होती, चवड्यांवर चालून सुजलेल्या पायांबद्दलची होती. तिला राग आला होता. चांगला सणसणीत, कानशिलं गरम करणारा राग, आणि तो त्याच्यावरच होता, त्याच्या त्या जाड झालेल्या मानेवर, रापलेल्या चेहऱ्यावर, एकामागून एक जाणाऱ्या बिस्किटांवर.

आणि त्या रागाची तिला भीती वाटत नव्हती. आजच बोलेन असं नाही, ती मनाशी म्हणाली, जेवू दे त्याला आधी. आज नाही तर पुढच्या खेपेला. पण बोलेन. ती खुर्चीत जरा मागं रेलली. कितीतरी वर्षांत छाती इतकी मोकळी वाटली नव्हती तिला, आणि मुलगा इतका धडधाकट दिसला नव्हता.